कलेला जात नसते? मग दिवे लावा आणि जोडणी दाखवा

‘कलेला जात नसते’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं आहे. कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळात, चित्रप्रदर्शनात, नाटकानंतरच्या चर्चेत. माझं एक निरीक्षण आहे. हे वाक्य कोणी आपणहून बोलत नाही, ते नेहमी उत्तर म्हणून येतं. नाटकातली मोलकरीण दरवेळी सावळीच का, असं विचारलं की येतं. निवड समितीतली सगळी आडनावं एकाच आळीतली का, असं विचारलं की येतं. प्रश्न विचारणारे आपण असतो आणि उत्तर देणारे ते. ज्यांना जातीचा काच कधी लागला नाही त्यांना ती कलेतही दिसत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण एखाद्याला दिसत नाही म्हणून ती नाही, असं कसं मानायचं?

या वाक्याला काय उत्तर द्यावं, हे मला घरापासून हजारो मैलांवर एका कार्यक्रमात सापडलं. ते इथे मांडते, कारण तुम्हालाही ते उपयोगी पडेल.

माझं पीएच.डी.चं काम परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या जातव्यवहारावर आहे. त्यासाठी २०२३ च्या उन्हाळ्यात काही आठवडे मी दक्षिण कॅलिफोर्नियात होते. ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मला लगुना बीचला नेलं. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला समुद्रकाठी असलेलं हे गाव चित्रकारांची वस्ती म्हणून नावारूपाला आलं आणि आता चांगलंच महाग झालं आहे. तिथे दर उन्हाळ्यात ‘पेजंट ऑफ द मास्टर्स’ नावाचा कार्यक्रम होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर जिवंत देखावे. पुण्याच्या गणेशोत्सवात मंडळं इतिहासातले प्रसंग माणसं उभी करून दाखवतात, त्याच जातकुळीतला प्रकार. फरक असा की आपल्याकडे पात्रं हलतात, संवाद म्हणतात. इथे जगातली नामांकित चित्रं आणि शिल्पं जिवंत माणसांतून उभी करतात आणि ती माणसं पापणीही हलवत नाहीत.

या कार्यक्रमाचा इतिहास साधा आहे. १९३२ साली लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक भरलं. काळ मंदीचा होता. ऑलिम्पिकला आलेल्या पाहुण्यांनी आपल्याही गावात यावं, चार चित्रं विकत घ्यावीत म्हणून तिथल्या चित्रकारांनी उघड्यावर प्रदर्शन मांडलं. पुढच्या वर्षी, १९३३ मध्ये, चित्रांत खरी माणसं उभी करायची कल्पना निघाली. दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं आणि कोविडचं २०२० साल सोडलं तर हा कार्यक्रम तेव्हापासून चालू आहे. डोंगराच्या कुशीत उघडं प्रेक्षागृह आहे, अडीच हजारांहून जास्त खुर्च्यांचं. चित्रात उभे राहणारे पगारी नट नसतात. ते गावातले आणि आसपासचे स्वयंसेवक असतात, शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, काहीशे जण.

कार्यक्रमाआधी आम्ही हिरवळीवर डबे उघडले. थालीपीठ, दही, लोणचं. सोबत आणखी दोन कुटुंबं होती. त्यातल्या एका काकांनी मला विचारलं, ‘तुझं आडनाव मराठवाड्याकडचं का गं? मूळ गाव कुठलं?’ हा प्रश्न आपल्याला पाठ आहे. जात विचारायची ती सुशिक्षित रीत आहे. मी गावाचं नाव सांगितलं, तालुका सांगितला, जिल्हा सांगितला. त्यांना हवं ते मिळेना. मग त्यांनी माझ्या संशोधनाचा विषय विचारला आणि तो ऐकल्यावर त्यांना हवं ते मिळालं.

त्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात एसबी ४०३ हे विधेयक चर्चेत होतं. सेनेटर आयेशा वहाब यांनी ते मांडलं होतं. वंश, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करायला जशी कायद्याने बंदी आहे, तशी जातीवरून करण्यालाही आहे, हे कायद्यात स्पष्ट लिहा, एवढीच त्याची मागणी होती. काकांच्या मते हे विधेयक म्हणजे सगळ्या हिंदूंची बदनामी होती. मी माझ्या मुलाखतींत ऐकलेलं काही सांगायला लागले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘अगं, इथे येऊनही तेच उकरायचं? आता कार्यक्रम बघ. कलेला जात नसते.’

तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही आत गेलो.

कार्यक्रम खरोखर बघण्यासारखा आहे, हे आधी सांगते. अंधार होतो, वाद्यवृंद वाजायला लागतो, निवेदक चित्राची गोष्ट सांगतो, पडदा सरकतो आणि समोर चित्र असतं. माणसं दिसत नाहीत, चित्रच दिसतं. लोक दुर्बिणी लावून बघतात, कोणाचा श्वास हलतोय का, कोणाचं बोट थरथरतंय का. साधारण दीड मिनिट ते चित्र टिकतं. मग दिवे जातात आणि पुढच्याची तयारी.

एक गोष्ट मला मनापासून आवडली. तिथे कोणी प्रेक्षकाची परीक्षा घेत नाही. चित्र कोणाचं, कुठल्या काळातलं, त्यात काय बघायचं, हे निवेदक सोप्या भाषेत सांगतो. पिएर बूर्दियू आणि आलँ दार्बेल यांनी १९६६ साली युरोपातल्या कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संग्रहालयाचं दार सगळ्यांना उघडं असतं, तिकीटही महाग नसतं, तरी आत येतात ते मुख्यतः शिकलेल्या घरांतले, असं त्यांना दिसलं. चित्र बघायची एक किल्ली असते, ती घरातून आणि शाळेतून हातात येते. ज्यांच्या हातात ती लहानपणापासून असते ते तिला ‘रसिकता’ म्हणतात आणि जन्मजात मानतात. आपल्यातले किती तरी जण पदवी मिळाल्यावर पहिल्यांदा एखाद्या कलादालनात गेले असतील आणि पहारेकऱ्याने पायातल्या चपलेकडे पाहिल्यावर पाच मिनिटांत बाहेर आले असतील. त्यांची रसिकता कमी नव्हती. किल्ली कोणी दिली नव्हती, एवढंच.

आता मुद्द्यावर येते. कार्यक्रमाच्या मध्ये एकदा त्यांनी दिवे लावले आणि एक चित्र कसं उभं राहतं ते सगळ्यांसमोर करून दाखवलं. रंगवलेला मागचा पडदा आणला. मग एकेक माणूस आला. कपड्यांवर ब्रशचे फटकारे रंगवलेले होते. चेहऱ्यावर रंग असा लावला होता की जवळून बघितलं तर माणूस विद्रूप दिसावा. प्रत्येकाला नेमक्या जागी उभं केलं. ज्याला हात उचलून धरायचा त्याच्यासाठी आधार होता. मग प्रकाश बदलला, अंगावरच्या सावल्या गेल्या, आणि आत्तापर्यंत जी माणसं होती ती सपाट होऊन चित्रात शिरली. या भूमिकांसाठी लोकांची निवड होते तेव्हा त्यांची उंची मोजतात, अंगकाठी बघतात. चित्र आधी ठरलेलं असतं. माणूस त्या मापाचा शोधायचा.

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. जातीवर मी बरंच वाचलं आहे. पण इतकं सरळ प्रात्यक्षिक मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. चित्र आधी ठरलेलं असतं. तुम्ही जन्मलात की तुमचं माप घेतात, जागा दाखवतात, आणि सांगतात की हलू नका. हललात तर चित्र बिघडेल. चित्राला ते ‘संस्कृती’ म्हणतात, आणि प्रेक्षागृहात बसलेल्याला ते चित्र फार सुंदर दिसतं.

फरक दोनच. लगुना बीचचा स्वयंसेवक दीड मिनिटाने घरी जातो. आणि लगुना बीचवाले दिवे लावून जोडणी दाखवतात. आपल्याकडे जोडणी कधीच दाखवत नाहीत. ‘कलेला जात नसते’ हे वाक्य अंधारातच खरं वाटतं.

तर आता आपणच दिवे लावू.

शाळेच्या गॅदरिंगपासून सुरुवात करा. आपल्या सगळ्यांच्या शाळेत टॅब्लो व्हायचा. मध्यभागी भारतमाता, हातात झेंडा, मागे पुठ्ठ्याचा नकाशा. भारतमाता कोण व्हायची? वर्गातली गोरी मुलगी. बाईंनी कधी तोंडाने ‘गोरी पाहिजे’ म्हटलं नाही. त्यांच्या डोक्यातलं चित्रच तसं होतं आणि त्या मापाची मुलगी त्यांनी शोधली. मी पाच वर्षांत तीन वेळा टॅब्लोत होते. एकदा डोक्यावर पाटी घेतलेली मजूर, एकदा कोळीण, एकदा नुसतीच ‘गावातली बाई’. माझी आई बांधकामावर पाट्या उचलायची. तिची पाटी मला शाळेत नेता आली, तेवढीच सोय झाली. बाई म्हणाल्या, ‘हिला काही शिकवावं लागलं नाही.’ टाळ्या पडल्या. भारतमाता झालेली मुलगी आज कुठे आहे मला माहीत नाही, तिच्याशी माझं भांडणही नाही. माझा प्रश्न बाईंच्या डोक्यातल्या चित्राशी आहे. ते तिथे कोणी टांगलं?

त्याचं बरंचसं उत्तर रविवर्म्याच्या छापखान्यात मिळतं. १८९४ साली मुंबईत तो सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्याही भिंतीवर देव आला, ही साधी गोष्ट नाही आणि मी ती नाकारत नाही. पण देव आला तो कुठला चेहरा घेऊन? उजळ कांती, नऊवारी, अंगभर दागिने. देवी कशी दिसते हे त्या छापील कागदाने ठरवून टाकलं, आणि कशी दिसत नाही हेही ठरवलं.

आता याच चित्रांची जोडणी बघा. पुराणातल्या नायिका आणि सुंदर तरुणी रंगवायच्या तर कोणीतरी समोर बसायला हवं. घरंदाज म्हणवणारी कुटुंबं आपल्या लेकीसुनांना परक्या चित्रकारासमोर तासन्‌तास बसवायला तयार नव्हती. अंजनीबाई मालपेकर यांना समोर ठेवून रविवर्म्याने चित्रं काढली असं सांगितलं जातं. अंजनीबाई गोव्याच्या, कलावंत समाजातल्या, भेंडीबाजार घराण्याच्या मोठ्या गायिका. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकले. कलावंत समाजातल्या बायकांचं गाणं दिवाणखान्यात चालायचं, त्यांचं रूप भिंतीवर चालायचं, पण त्यांना सून म्हणून उंबऱ्याच्या आत घेणं चालायचं नाही. चित्राखाली नाव कोणाचं? चित्रकाराचं. घरात मान कोणाला? चित्राला. जी समोर बसली तिला काय मिळालं? कलेला जात नसेल तर या चार ओळींत काय आहे, हे कोणीतरी मला समजावून सांगावं.

मॉडेलचं नाव शोधणं ही काही आपली खुसपट काढायची सवय नाही. युरोपातली मोठी संग्रहालयंही आज ते काम करत आहेत. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात २०१९ मध्ये फ्रेंच चित्रांमधल्या कृष्णवर्णीय मॉडेल्सवर मोठं प्रदर्शन झालं. मारी-गिल्मिन बनुआ या चित्रकर्तीने १८०० साली एका कृष्णवर्णीय तरुणीचं चित्र काढलं होतं. दोनशे वर्षं त्या चित्राच्या नावात तिचा फक्त वंश होता, तोही हिणकस शब्दात. या प्रदर्शनात त्या चित्राला नाव मिळालं ‘मादलेनचं व्यक्तिचित्र’. मादलेन हे त्या तरुणीचं नाव. ती चित्रकर्तीच्या सासरच्या नात्यात मोलकरीण होती. एदुआर मानेच्या ‘ऑलिंपिया’त फुलांचा गुच्छ घेऊन उभी असलेली कृष्णवर्णीय स्त्री, तिचं नाव लोर. १८६५ मध्ये ते चित्र मांडलं तेव्हा पलंगावरच्या गोऱ्या बाईवर केवढा गदारोळ झाला. मागे उभी असलेली मात्र फार थोड्यांना दिसली. आणि ती पलंगावरची, व्हिक्टोरिन मरां, स्वतः चित्रकार होती. १८७६ मध्ये पॅरिसच्या अधिकृत वार्षिक प्रदर्शनात तिचं स्वतःचं चित्र लागलं होतं. ‘मानेची मॉडेल’ म्हणून तिला सगळे ओळखतात. ‘चित्रकार मरां’ म्हणून किती जण?

म्हणजे प्रश्न दोन आहेत. एक, चित्रात उभा कोण आहे आणि त्याचं नाव कुठे आहे. दुसरा त्याहून मोठा आहे, चित्र निवडलं कोणी. या दुसऱ्या प्रश्नाचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक दाखला जोतीराव फुल्यांचा आहे. १८५५ मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. एका शेतकरी कुटुंबाला भट कसा धाक घालून लुबाडतो, हा त्याचा विषय. त्यांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. ते नाटक छापून आलं १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये. १२४ वर्षं. मधल्या काळात मराठी रंगभूमीचा इतिहास लिहून झाला, शतकं साजरी झाली, आद्य नाटककार ठरले. कमिटीतला कोणीही ‘आम्ही जात बघून नाकारलं’ असं म्हणाला नसेल. त्यांनी दर्जा बघितला असेल. त्यांच्या डोक्यातल्या चित्रात ते नाटक बसलं नसेल. बाईंच्या चित्रात मी बसत नव्हते, तसंच.

‘मास्टर्स’ म्हणजे थोर कलावंत कोण, हे असं ठरतं. जो निवडतो तो दर्जाही ठरवतो. मग ज्याला निवडलं त्याचा दर्जा सिद्ध होतो, कारण त्याला निवडलं. या गोल फिरण्याला आपल्या विद्यापीठांत ‘मेरिट’ म्हणतात.

विद्यापीठाचं नाव निघालंच आहे तर सांगते. माझ्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात माझा फोटो आहे. ग्रंथालयात उभी, हातात जाड इंग्रजी पुस्तक, चेहऱ्यावर हसू. पुस्तक माझ्या विषयाचं नव्हतं, फोटोग्राफरला त्याच्या कव्हरचा रंग आवडला. त्याने मला तीनदा सांगितलं, ‘मॅडम, हलू नका.’ त्या दिवशी माझी फेलोशिप सात महिने थकली होती. त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत नव्हती. म्हणजे मी हलायचं नाही आणि फाइलनेही. संविधान दिनाला हेच होतं. उद्देशिकेची फ्रेम धरायला आपली मुलं लागतात. माइक कोणाच्या हातात असतो ते तुम्ही बघितलेलं आहे. आपल्या असण्याने त्यांचं चित्र पूर्ण होतं, म्हणून आपण हवे असतो. आपण बोलायला लागलो की चित्र हलतं.

आता आपल्या स्वतःच्या जिवंत देखाव्यांकडे येऊ. १४ एप्रिल. ट्रॅक्टरची ट्रॉली, जनरेटर, ट्यूबलाइटी, थर्माकोलचं चवदार तळं. कडेला ओणवा झालेला, ओंजळीत पाणी घेतलेला पोरगा. निळा कोट, गोल चष्मा, एक बोट वर. मिरवणूक तीन तास चालते आणि तो बोट खाली घेत नाही. दीड मिनिट सोडा. लगुना बीचला जे होतं त्याचं तिकीट असतं, वाद्यवृंद असतो, परीक्षणं छापून येतात. आमच्याकडे जे होतं त्याची दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी काय येते? वाहतूक कोंडी, डीजेचा आवाज. पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली जाहीर जयंती साजरी केली ती १९२८ मध्ये. लगुना बीचच्या देखाव्यांच्या पाच वर्षं आधी. तेव्हापासून आपल्या वस्त्यांनी किती कारागीर, रंगारी, गायक, शिंपी घडवले याची मोजदाद कुठल्या कला अकादमीने केली आहे? २० मार्च १९२७ चा महाड सत्याग्रह ज्यांनी शाळेच्या पुस्तकात नीट वाचला नाही, त्यांनी तो ट्रॉलीवर पाहिला. निवेदक नव्हता, पण किल्ली आपल्याच माणसांनी आपल्या हातात दिली होती.

मग आपला देखावा आणि बाईंचा टॅब्लो यांत फरक काय? चित्र आपण निवडलं. तळ्यावर ओणवा झालेला पोरगा कोणाच्या सोयीसाठी उभा नाही, स्वतःच्या आजोबाच्या आठवणीसाठी उभा आहे. सत्यशोधक जलशाने आणि नंतर आंबेडकरी जलशाने हेच केलं होतं. तमाशाचा साचा घेतला आणि त्यातलं चित्र बदललं. गणात गणपती नको, गवळणीत कृष्ण नको, आपले प्रश्न पाहिजेत. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार गावोगाव फिरले ते कोणाच्या चौकटीत उभे राहायला फिरले नाहीत.

पण जो दिवा आपण त्यांच्यावर लावला, तो आपल्यावरही पडायला हवा. ट्रॉलीवर रमाई म्हणून, सावित्रीबाई म्हणून मुली उभ्या राहतात. जयंती समितीच्या बॅनरवर किती बायकांची नावं असतात? कुठला प्रसंग दाखवायचा, वर्गणी कशी खर्च करायची, हे ठरवायच्या बैठकीत त्या मुलींना कोणी बोलावतं का? रात्री अकराला बैठक ठेवायची आणि मग बाया येत नाहीत म्हणायचं. बाहेरच्यांना विचारलेले प्रश्न घरात विचारले नाहीत तर ते प्रश्न खोटे पडतात. आणि बाबासाहेबांचंही तेच. वर केलेलं बोट आपण पक्कं धरून ठेवलं, पण ते कुठे दाखवत होतं तिकडे किती जण चालत गेले?

लगुना बीचच्या कार्यक्रमाचा शेवट परंपरेने लिओनार्दो दा विंचीच्या ‘द लास्ट सपर’ने होतो. येशू आणि त्याचे बारा शिष्य, एका टेबलाशी. त्या रात्रीही तेच चित्र शेवटी आलं. प्रेक्षागृह स्तब्ध झालं, मग टाळ्यांचा कडकडाट. काकाही टाळ्या वाजवत होते. सगळे एका पंगतीला बसलेत हे चित्र सगळ्यांनाच आवडतं. चित्रात. केरळात सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ मध्ये चेरायी इथे खरोखरच वेगवेगळ्या जातींच्या लोकांना एकत्र जेवायला बसवलं, तेव्हा त्यांना बहिष्कार भोगावा लागला. बाबासाहेबांनी तर १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये सांगितलंच होतं की सहभोजनाने जात मरत नाही, त्यासाठी आंतरजातीय लग्नं लागतील आणि त्याआधी जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांची सत्ता मोडावी लागेल. जिथे खरं सहभोजनसुद्धा पुरेसं नाही, तिथे चित्रातल्या पंगतीला टाळ्या वाजवून कोणाची सुटका होणार?

ते विधेयक पुढे दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ते नाकारलं. कारण दिलं की जातीवरचा भेदभाव सध्याच्या कायद्यातल्या प्रवर्गांमध्ये आधीच बसतो, वेगळ्या शब्दाची गरज नाही. म्हणजे जात आहे, पण तिचं नाव लिहायचं नाही. मादलेनचं नाव दोनशे वर्षं लिहिलं नव्हतं, त्याच चालीवर. ‘कलेला जात नसते’ आणि ‘कायद्याला जात शब्दाची गरज नाही’ ही एकाच घरातली वाक्यं आहेत. नाव लिहिलं नाही की हिशोब मागता येत नाही, एवढाच दोन्हींचा उपयोग.

पहिल्या पिढीचे पदवीधर म्हणून आपल्यावर दोन्हीकडून दबाव असतो. इकडे घरच्यांना वाटतं, पोरगी शिकली, मोठ्या लोकांत बसते, आता जुनं कशाला काढायचं. तिकडे मोठ्या लोकांना वाटतं, इतकं शिकलीस, आता तरी जातीच्या वर ऊठ. दोघांचं म्हणणं एकच होतं, दिलेल्या जागी छान दिसत उभी राहा. मी असं म्हणत नाही की कोणाच्या कार्यक्रमात जाऊ नका, चित्रं बघू नका, फोटो काढू देऊ नका. जा. सगळं बघा. किल्ली जिथून मिळेल तिथून घ्या, त्यावर कोणाची मालकी नाही. पण प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न सोबत ठेवा. हे चित्र कोणी निवडलं? माप कोणी घेतलं? उभं कोण राहिलं आणि त्याचं नाव कुठे लिहिलंय? पैसा आणि मान कोणाकडे गेला?

आणि नुसते विचारू नका, लिहून ठेवा. तुमच्या कॉलेजच्या नाट्यस्पर्धेची निवड समिती कोणती होती, विभागाच्या माहितीपत्रकात कोणाचे फोटो आहेत आणि कोणाच्या फेलोशिपा थकल्या आहेत, याची नोंद ठेवा. माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात. वस्तीतल्या ज्या रंगाऱ्याने चवदार तळं रंगवलं, ज्या बाईने निळा कोट शिवला, त्यांची नावं विचारून घ्या. आपल्या कलेचा इतिहास लिहायला कुठलीही कमिटी येणार नाही. ती आली तरी तिला १२४ वर्षं लागतात.

पुढच्या वेळी कोणी ‘कलेला जात नसते’ म्हणालं तर वाद घालत बसू नका. शांतपणे सांगा, दिवे लावा. जोडणी दाखवा. जात नसेल तर दाखवायला हरकत काय?

जय भीम.